कादंबरीकाराचे आभार मानताना

पुस्तक प्रदर्शनात ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे एक लेखक सह्या देत बसले होते. रांग बरीच मोठी होती. माझ्या पुढे साठी ओलांडलेले एक गृहस्थ नातवाचा हात धरून उभे होते. त्यांनी पुढे केलेली प्रत नुकतीच विकत घेतलेली नव्हती, ती वर्षानुवर्षं हाताळलेली होती. शिवण सुटलेली, पाठीवर कापडाची पट्टी चिकटवलेली, कोपरे मऊ पडलेले. ते वाकून नमस्कार करत म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळे आम्हांला खरा इतिहास कळला." लेखक हसले, सही केली, नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. पाठोपाठ माझी पाळी आली आणि मीही जवळजवळ तेच वाक्य बोललो.

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. नंतर मी ते ठिकठिकाणी ऐकत गेलो. प्रकाशन समारंभात, व्याख्यानमालेतल्या प्रश्नोत्तरांत, सत्काराच्या भाषणात, लेखक गेल्यावर झालेल्या शोकसभेतसुद्धा. मराठी वाचक आपल्या आवडत्या ऐतिहासिक कादंबरीकाराचे आभार मानायला उभा राहिला की बहुतेक वेळा हेच म्हणतो: तुम्ही खरा इतिहास सांगितलात. त्या बोलण्यामागचं प्रेम सच्चं असतं याबद्दल मला शंका नाही. पण शब्द चुकतात, आणि ते साधे चुकत नाहीत. ज्याचे आभार मानतो त्याच्याच हातचं काम आपण त्या वाक्याने पुसून टाकतो.

प्रेमाविषयी आधी बोलतो, कारण त्याची टिंगल करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की नाक मुरडायचं, 'लोकप्रिय' हा शब्द शिवीसारखा वापरायचा, ही विद्वानांची जुनी सवय आहे. ज्यांनी तालुक्याच्या गावातलं वाचनालय आतून पाहिलं आहे, त्यांना ही टिंगल करवणार नाही. संध्याकाळी दोन तास उघडणारी ती खोली, लोखंडी कपाटं, वर्गणीदाराच्या कार्डावर एका वेळी दोन पुस्तकं, आणि 'स्वामी', 'छावा', 'राऊ' किंवा 'पानिपत' हवं असेल तर वहीत नाव लिहून वाट पाहायची. पाळी येईपर्यंत महिना जायचा. हातात आलेल्या प्रतीच्या समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं: 'सुंदर', 'डोळे भरून आले', 'हे पान पुन्हा वाचा'. पुस्तकावर लिहू नये अशी पाटी भिंतीवर असताना लोकांनी ते लिहिलं होतं, कारण मन भरून आलेलं कुणाला तरी सांगायचं होतं. लेखकाचा पत्ता ठाऊक नव्हता, समास समोर होता.

या वाचकांनी मराठी ऐतिहासिक कादंबरी जगवली. १८७१ साली रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून ही परंपरा सुरू झाली असं आपण मानतो. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून घराघरांत वाचणारा समाज घडवला. त्याच वाटेवर नाथमाधव आले, रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील आले. सरकारी अनुदानावर किंवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर ही परंपरा टिकली नाही, वहीत नाव लिहून पाळीची वाट पाहणाऱ्यांवर टिकली. तेव्हा वाचकाने भारावू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याने भारावून जावं, पत्र लिहावं, रांगेत उभं राहावं. फक्त तो दाद कशाला देतो ते त्याने नीट पाहावं.

माधवराव पेशव्यांचंच घ्या. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला ते क्षयाने गेले तेव्हा वय जेमतेम सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. त्या अकाली मृत्यूने मराठी राज्याचं जे नुकसान झालं ते पानिपताइतकंच घातक होतं, या अर्थाचं ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे. कागदपत्रं पुष्कळ आहेत. मोहिमा कळतात, निजामाशी आणि हैदराशी झालेली युद्धं कळतात, काकांशी झालेला झगडा कळतो, राज्यावरचं कर्ज फिटावं ही शेवटपर्यंतची तळमळ कळते. पण ताप चढलेल्या रात्री त्या खोलीत नवराबायको काय बोलले, हे कुठल्या कारकुनाने टिपून ठेवलेलं नाही. ते टिपायचंही नसतं. रणजित देसाईंनी १९६२ साली 'स्वामी' लिहिली आणि ती रात्र मराठी माणसाच्या घरात आणली. थेऊरला चिंतामणीचं दर्शन झालं की पावलं आपोआप नदीकाठच्या रमाबाईंच्या स्मारकाकडे वळतात. तिथे उभं राहिल्यावर आपल्या मनात जे उमटतं त्यातलं किती कागदांतलं असतं आणि किती देसाईंचं? माझ्या मनातलं तरी बहुतेक देसाईंचं असतं. मग मी देसाईंना 'तुम्ही खरं तेच सांगितलंत' असं म्हटलं, तर त्यांनी स्वतःच्या जिवातून जे घडवलं ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं आणि एका न सापडलेल्या कागदाच्या नावावर टाकलं. ज्याने मूर्ती घडवली त्याला 'दगड छान निवडलात' म्हणण्यासारखं आहे हे.

याला कुणी म्हणेल, वाचक इतका विचार करून बोलत नाही. 'खरा इतिहास' म्हणजे त्याला 'जिवंत वाटला' एवढंच म्हणायचं असतं. असेलही. पण वाक्य रूढ झालं की ते स्वतःचं काम करत राहतं. सिंहगडाची गोष्ट पाहा. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री पडले. राजांच्या तोंडचं 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य चौथीतल्या मुलालाही पाठ असतं, आणि त्यावरून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं असं आपण सगळे शिकलो. सभासदाच्या बखरीत मात्र राजे म्हणतात, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." सभासद राजांच्या काळातला माणूस. त्याने ही बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. आणि सिंहगड हे नाव त्या लढाईच्या आधीच्या पत्रव्यवहारातही सापडतं. सिंहाचं वाक्य घरोघर पोचलं त्यात हरिभाऊंच्या याच नावाच्या कादंबरीचा वाटा फार मोठा आहे.

मला हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. काही वर्षांनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि वाटलं ते बदललं. सभासदाचं वाक्य किती मोठं आहे! माणूस म्हणजेच गड. एक मिळवला, एक गमावला, जमाखर्च लिहावा तसं सांगितलंय आणि म्हणूनच ते घशात अडकतं. दुसऱ्या वाक्यात प्रतिमा आहे, ताल आहे, पोवाड्याची हाळी आहे, ते हजारोंच्या सभेत म्हणता येतं. दोन्ही माझीच आहेत. पण दुसरं वाक्यच इतिहास म्हणून डोक्यात बसवल्यामुळे पहिलं माझ्यापर्यंत यायला वीस वर्षं लागली. माझी तक्रार हरिभाऊंविरुद्ध नाही, त्यांनी कादंबरी लिहिली होती. तिला बखर आपण केलं.

त्या वाक्याने दुसरा अन्याय होतो तो संशोधकावर, आणि मला तो जास्त सलतो. 'खरा इतिहास कळला' याचे आभार जर कुणाचे मानायचे असतील, तर ती माणसं वेगळी आहेत आणि त्यांच्यासमोर सहीसाठी कधी रांग लागली नाही. वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडले, स्वतःच्या हाताने शिजवून खाल्लं, लोकांच्या माड्यांवरची दप्तरं दाखवा म्हणून विनवण्या केल्या. कुणी दाखवली, कुणी दारातून परत पाठवलं. कित्येक घरांतले कागद तोवर वाण्याकडे पुड्या बांधायला गेले होते, उरलेले वाळवी खात होती. त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यात पानिपताच्या आधीच्या दशकातली आणि प्रत्यक्ष मोहिमेतली पत्रं होती. तोवर पानिपत म्हणजे आपल्याला बखरीतलं रडगाणं होतं आणि 'विश्वास पानिपतात गेला' ही म्हण होती. या पत्रांमुळे भाऊसाहेबांची छावणी, रसद, पैशाची चणचण, उत्तरेतल्या राजेरजवाड्यांशी चाललेली बोलणी हे सगळं दिसू लागलं. त्या पायावर पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी आपला ग्रंथ उभा केला. १९८८ साली विश्वास पाटलांची 'पानिपत' आली आणि जे शे-दोनशे अभ्यासकांना ठाऊक होतं ते लाखोंच्या मनात गेलं. आज दर १४ जानेवारीला हरियाणात पानिपतच्या रणभूमीवर, काला आंब इथे, इकडून माणसं जातात आणि स्वतःला त्या लढाईतल्या मराठ्यांचे वंशज मानणाऱ्या तिकडच्या रोड मराठा समाजातल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात. यातल्या कितीजणांच्या पिशवीत कादंबरी असेल आणि कितीजणांनी राजवाड्यांचं नाव ऐकलं असेल?

संभाजी महाराजांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. शे-दीडशे वर्षं नाटकांनी आणि जुन्या इतिहासकारांनी त्यांची प्रतिमा व्यसनी, हट्टी, राज्य बुडवणारा राजपुत्र अशी रंगवली. ती पालटायला वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घातली, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी साधनांची छाननी केली आणि १९६० साली त्यांचा चरित्रग्रंथ आला. मागाहून डॉ. कमल गोखले यांचा प्रबंध पुस्तकरूपाने आला. १९७९ साली शिवाजी सावंतांची 'छावा' आली. २०२५ मध्ये त्यावरचा चित्रपट आला आणि थिएटरांतून लोक रडत बाहेर पडले. पहिली कुदळ बेंद्र्यांची होती, आणि चित्रपट पाहून आलेल्या माझ्या ओळखीच्या डझनभर लोकांत बेंद्रे कोण हे एकालाही सांगता आलं नाही. ही सगळी माणसं चांगली शिकलेली. त्यांचा दोष नाही. कुणी कधी सांगितलंच नाही, कारण आभाराची सगळी फुलं एकाच गळ्यात घालायची आपल्याला सवय आहे.

सावंतांचं मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. उलट नीट दिसतं. बेंद्र्यांच्या ग्रंथातून संभाजी महाराज निर्दोष ठरतात, पण वडिलांच्या सावलीत वाढलेल्या मुलाची घुसमट पुराव्यातून सिद्ध करता येत नाही, ती कल्पून लिहावी लागते. इनामदारांनी तर याहून अवघड वाट धरली. इंग्रजांनी खलनायक ठरवलेले त्र्यंबकजी डेंगळे, वेडापिसा म्हणून सोडून दिलेले यशवंतराव होळकर, पळपुटा म्हणून हिणवलेला दुसरा बाजीराव, अशी माणसं त्यांनी निवडली. त्र्यंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले ती हकिगत, बाहेर मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, मराठी गाण्यातून निरोप पोचवायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळू नये, ही कागदांत आहेच. पण या माणसाकडे पुन्हा एकदा पाहायला हवं हा निर्णय कादंबरीकाराचा. मस्तानीविषयी समकालीन कागदांत फार थोडं आहे. लोकांच्या तोंडी होतं ते पान खाल्ल्यावर गळ्यातून दिसणाऱ्या पिंकेचं. त्या पिंकेच्या पलीकडे एक बाई उभी करायची हे 'राऊ' लिहिताना इनामदारांनी ठरवलं. दाद द्यायची ती या निवडीला, या धाडसाला. 'खरं सांगितलंत' म्हटलं की धाडस नाहीसं होतं, कारण खरं सांगायला फक्त कागद वाचता यावा लागतो.

आता थोडं कडू. 'खरा इतिहास' म्हणून घातलेली शाल आणि 'इतिहासाचं विकृतीकरण' म्हणून पेटवलेला पुतळा, या दोन्ही गोष्टी एकाच समजुतीतून येतात. कादंबरीकाराने दिलं ते सत्य, असं एकदा मनाशी ठरलं की उद्या त्याने आपल्या पूर्वजाच्या तोंडी एखादं रागाचं वाक्य घातलं, एखादी कमजोरी दाखवली, तर ती बदनामीच वाटणार. काल पायाला हात लावणारा आज निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत जातो, आणि दोन्ही वेळा तो तितकाच प्रामाणिक असतो. संशोधनाच्या पुस्तकावरूनही आपण काय करू शकतो ते ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यात सगळ्यांनी पाहिलं. पोथ्या आणि पुस्तकं जमिनीवर विखुरली होती. कादंबरीकार तर एकटा असतो, त्याच्यामागे संस्थाही नसते.

हे सगळं लेखकाच्या हाताला जाणवतं. अलीकडच्या कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना मला तो थरथरता हात दिसतो. नायक पहिल्या पानापासून पूर्ण. त्याला शंका पडत नाही, त्याचा अंदाज चुकत नाही, बायकोवर आवाज चढत नाही. शत्रू पहिल्या पानापासून काळा. संवाद म्हणजे भाषणं. लेखकाला येत नाही म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. वाचकाने प्रेमापोटी त्याला इतिहासकाराच्या, मग पुजाऱ्याच्या जागी नेऊन बसवलं आहे. तिथून खाली उतरणं आता त्यालाच अवघड झालं आहे. गाभाऱ्यात बसून कादंबरी लिहिता येत नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. सामान्य माणसाला शाळेच्या पुस्तकात माधवरावांवर चार ओळी मिळतात, यशवंतराव होळकरांवर दोन. राजवाड्यांचे खंड सहज हाती लागत नाहीत, लागले तर मोडीतून उतरवलेली ती भाषा दमवते. दिवसभर राबून रात्री तासभर वाचणाऱ्याने पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड चाळावेत का? त्याचा इतिहास म्हणजे कादंबरीच, आणि ती नसती तर त्याला काहीच मिळालं नसतं. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच जबाबदारी एकट्या वाचकावर टाकून चालणार नाही. प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी लेखकाने चार पानं लिहावीत: कुठली साधनं वापरली, कुठलं पात्र कल्पित, कुठला प्रसंग मागेपुढे केला, कुठे दोन कागद भांडत होते आणि मी कुणाचं का ऐकलं. प्रकाशकांनी ती पानं पैसे वाचवायला कापू नयेत. काही लेखक हे करतात, बरेच करत नाहीत, आणि आम्ही वाचक ते मागत नाही म्हणून करत नाहीत. वाचनालयांनी 'छावा'च्या शेजारी बेंद्रे ठेवावेत, 'पानिपत'च्या शेजारी शेजवलकर. एवढ्याने शंभरातले पाच वाचक हात पुढे करतील. पाच पुष्कळ झाले.

आपल्याकडे याचा उत्तम नमुना आहे. शिवाजी महाराजांवरच्या रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी' कादंबरीला विचारवंत नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे. त्यांनी नुसती पाठ थोपटली नाही. शिवाजी महाराजांचं मोठेपण नेमकं कशात, दंतकथा बाजूला ठेवल्यावर काय उरतं, कादंबरीकारासमोर अडचणी कोणत्या, हे सगळं त्यांनी मित्राशी बोलावं तसं मोकळेपणाने मांडलं. ती पानं वाचून मग कादंबरीत शिरणारा वाचक एक पाऊल इतिहासात आणि एक कल्पनेत ठेवून चालतो, आणि त्याचा आनंद उणावत नाही, दुणावतो. दोन मोठी माणसं एकमेकांचा मान राखून वाद घालताहेत हे पाहणंच किती सुखाचं! लेखकाने ते आपल्या पुस्तकाच्या दारात छापलं हे देसाईंचं औदार्य. कौतुक असंही करता येतं.

कुरुंदकर होणं सगळ्यांना जमणार नाही. पण साधा वाचकही हे करू शकतो, हे मला माहीत आहे, कारण माझ्या घरात तसं एक पत्र निघालं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यानंतर कपाट आवरताना 'स्वामी'च्या प्रतीत घडी घातलेलं एक आंतर्देशीय पत्र सापडलं. १९७१ सालचं, देसाईंना लिहिलेलं, न पाठवलेलं. पत्त्याच्या जागी पेन्सिलीने 'प्रकाशकांकडून मागवणे' एवढंच. अक्षर शाळेच्या फळ्यावर असायचं तसं, ओळी सरळ. नमस्कार वगैरे झाल्यावर अण्णांनी लिहिलं होतं की त्यांचे थोरले भाऊ क्षयाने घरातच गेले, त्या वेळी ते स्वतः अकरा वर्षांचे होते. आजाऱ्याला आपण बरे दिसावं म्हणून करावी लागणारी धडपड आणि भोवतीच्या माणसांनी ती न ओळखल्याचं केलेलं नाटक, हे त्यांनी पाहिलं होतं. थेऊरची पानं वाचताना ते पुन्हा दिसलं. पुढे त्यांचं वाक्य होतं: 'हे आपणांस कोणत्याही दप्तरात मिळालेले नसणार. हे आपण कोणाच्या तरी घरी पाहिले असणार. त्याबद्दल आपले आभार.'

आणि शेवटी एक विनंती. इयत्ता चौथीला शिवकाल आणि पुढे थोडी पेशवाई शिकवताना मी आपल्या पुस्तकातले प्रसंग मुलांना सांगतो, ती फार रमतात. तरी कागदांतले कोणते आणि आपले कोणते हे कळवाल तर बरे होईल, मुलांना दोन्ही सांगेन, पण वेगवेगळे सांगेन.

ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल! चाळीस-पंचेचाळीस ओळींत त्या माणसाने कादंबरीकाराला कादंबरीकार म्हणून ओळखलं होतं, त्याने कुठून आणलं ते ताडलं होतं, त्याचे आभार मानले होते, आणि इतिहासाचं देणंही बाजूला काढून ठेवलं होतं. पुस्तक प्रदर्शनातल्या रांगेत मी काय बोललो ते आठवून मला वाईट वाटलं. अण्णांच्या पत्राचं उत्तर कधी येणार नाही. रणजित देसाई १९९२ साली गेले.

अशी पत्रं किती लिहिली गेली असतील, किती पोचली असतील, आणि ती आज कुठे आहेत? लेखकांच्या घरी पोत्यांनी पत्रं येत असत असं आपण ऐकतो. लेखक गेल्यावर घर बदलतं, मुलं परगावी जातात, पत्रं रद्दीत जातात. पानिपताची हकिगत आपल्याला कळली ती पत्रांमुळे. मोती गळाले, मोहरा हरपल्या, खुर्द्याची गणती नाही, ही पराभवाची सांकेतिक बातमीसुद्धा सावकाराच्या पत्रातूनच आली होती. विसाव्या शतकातला मराठी माणूस आपल्या भूतकाळाकडे कसा पाहत होता, त्याला कशाने रडू येत होतं, कुठे शंका पडत होती, याची साधनं म्हणजे वाचकांनी लेखकांना लिहिलेली ही पत्रं. ती वाण्याच्या दुकानात जाण्याआधी कुणीतरी माड्यांवर चढायला हवं. मोठ्या ग्रंथालयांनी, साहित्य संस्थांनी लेखकांच्या कुटुंबीयांकडे ती मागायला हवीत. सत्काराच्या एका समारंभाला जेवढा खर्च येतो तेवढ्यात एका लेखकाचा सगळा पत्रव्यवहार नीट लावून, नोंदवून ठेवता येईल.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात गेलो होतो. खोली तीच, कपाटं नवी. ग्रंथपालताईंना मी पत्राची गोष्ट सांगितली आणि विचारलं, गावातल्या वाचकांनी लेखकांना लिहिलेली पत्रं, लेखकांची आलेली उत्तरं, असं कुणी आणून दिलं तर तुम्ही ठेवाल का? त्यांनी जरा विचार केला, टेबलाच्या खणातून एक कोरी बॉक्स फाइल काढली आणि वर नाव काय लिहू म्हणून विचारलं. आम्ही दोघांनी बराच वेळ घालवून 'वाचकांची पत्रे' एवढंच लिहिलं. मूळ पत्र द्यायला माझं मन धजेना, म्हणून झेरॉक्स नेली होती. ताईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "सर, झेरॉक्स नको. मूळच आणा. आमच्याकडे वाळवीचं औषध दर सहा महिन्यांनी मारतात."

मी दुसऱ्या दिवशी मूळ पत्र नेऊन दिलं. त्यांनी दाखल नोंद केली: अनुक्रमांक १.